पाकिटावरचा पत्ता आणि न पोचलेला रिपोर्ट

"डाक्टरसाहेब, आता चिठ्ठी कायले धाडता? फोनच लावा न जी."

महिन्यातून दोन-तीनदा तरी हे वाक्य माझ्या कानावर पडतं. नवीन फाईल उघडताना रिसेप्शनवरच्या ताई मुक्काम, पोस्ट, तालुका, पिन असं एकेक विचारायला लागल्या की पेशंटच्या कपाळावर आठी चढते. अंगात ताप, तासभर रांगेत बसून झालेलं, आणि ह्या बाई पिनकोड विचारताहेत! तुमचं वैतागणं मला समजतं. म्हणून आजचा लेख कुठल्या आजारावर नाही, तुमच्या पत्त्यावर आहे. तो पत्ता कॉम्प्युटरवर नीट मांडून चिकट लेबलवर छापण्यावरही आहे. हे कारकुनी काम डॉक्टरने कशाला सांगावं, असं वाटेल. जरा पुढे वाचा.

फोन आम्ही लावतोच. पण फाईलवरचा नंबर बहुतेक वेळा पेशंटचा नसतो. तो मुलाचा असतो, जावयाचा असतो, ज्याच्या गाडीवर बसून पेशंट आला त्या पुतण्याचा असतो. पुतण्या पुढच्या महिन्यात पुण्याला कामाला गेला की नंबर आमच्या काही कामाचा राहत नाही. रिचार्ज संपलेला असतो, सिम बदललेलं असतं. आणि लागलाच तर उचलणारा कोण आहे ते आम्हाला कळत नाही. बाईच्या गर्भाशयाच्या तपासणीचा निकाल मी तिच्या दिराला फोनवर सांगू का? नाही सांगणार. कागदाचं पत्र बंद पाकिटात जातं, घरात राहतं आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना सोबत नेता येतं.

आता रिपोर्टचं गणित समजून घ्या. साखर, हिमोग्लोबिन हे त्याच दिवशी कळतं. लघवीच्या कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, कारण जंतू आधी वाढावे लागतात. गाठीचा तुकडा काढला, म्हणजे बायोप्सी केली, तर आठवडाभर धरा. क्षयाचे जंतू तर फारच सावकाश वाढतात. द्रव माध्यमातल्या कल्चरमध्ये 'जंतू नाहीत' असं म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं. तेवढ्या दिवसांत खोकला थोडा कमी होतो, भूक लागायला लागते, कापूस वेचणीचे दिवस सुरू होतात आणि माणूस दवाखान्याचा रस्ता विसरतो. नेमका तेव्हा रिपोर्ट येतो की जंतूंवर नेहमीची औषधं चालत नाहीत, औषधं बदलायला हवीत. हे त्या माणसाला सांगायचं कसं? त्याच्या फाईलवर 'मारुतीच्या देवळाजवळ' एवढंच लिहिलेलं असतं.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. आष्टी तालुक्यातल्या तळेगाव (श्यामजीपंत) भागातल्या एक बाई. स्तनात गाठ लागली म्हणून नातेवाइकांनी एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं, तिथे सुईने तुकडा काढला. रिपोर्ट घरच्या पत्त्यावर पाठवू असं सांगितलं. पाकिटावरच्या लेबलवर बाईंचं नाव होतं आणि खाली 'मु. पो. तळेगाव, महाराष्ट्र'. तालुका नाही, जिल्हा नाही, पिन नाही. महाराष्ट्रात तळेगाव किती आहेत? पुण्याजवळचं दाभाडे, अमरावती जिल्ह्यातलं दशासर, आमचं श्यामजीपंत, ही तर फक्त मोठी. ते पाकीट फिरून फिरून, शिक्के खाऊन, पाठवणाऱ्याकडे परत गेलं आणि तिथल्या टेबलावर पडून राहिलं.

बाई माझ्याकडे आल्या त्या अडीच महिन्यांनी, गुडघे दुखतात म्हणून. बोलता बोलता गाठीचा विषय निघाला. मी विचारलं, रिपोर्टचं काय झालं? म्हणाल्या, "चिठ्ठी नाही आली जी. म्हंजे काही निघालं नसन."

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहितोय. रिपोर्ट न येणं आणि रिपोर्ट चांगला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न आलेल्या रिपोर्टचा अर्थ फक्त एवढाच, की तो तुमच्यापर्यंत आलेला नाही. तो वाईट असू शकतो, चांगला असू शकतो, प्रयोगशाळेत नमुनाच पोचला नसेल असंही होऊ शकतं.

मी त्या दवाखान्याला फोन केला. निदान कर्करोगाचं होतं. तोपर्यंत काखेतल्या गाठीही हाताला लागत होत्या. काखेत लागणाऱ्या गाठी म्हणजे आजार स्तनाबाहेर पडून लसिकाग्रंथींपर्यंत पोचल्याची शंका. तिथपर्यंत आजार गेला असेल तर उपचार वाढतात, लांबतात, महाग होतात. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, रेडिएशन झालं. बाई आज आहेत, दर सहा महिन्यांनी दाखवायला येतात. पण ते अडीच महिने कुणी परत देणार नाही.

पत्ता चुकल्यामुळे पत्र भलतीकडे जाणं हा प्रकार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहायला आले, त्याचं नाव होतं सेगाव. गजानन महाराजांचं शेगाव बुलढाणा जिल्ह्यात, भुसावळ-नागपूर या त्याच रेल्वे मार्गावर. जगभरातून येणारी पत्रं सेगावऐवजी शेगावला जाऊ लागली. शेवटी १९४० साली गावाचंच नाव बदलून सेवाग्राम केलं. ज्यांचा पत्ता जगाला ठाऊक होता त्यांचीही टपाल इकडेतिकडे जात होती, तर तुमच्या-माझ्या पत्राची काय कथा! आणि गांधीजींच्या सोयीसाठी गावाचं नाव बदलता आलं. तुमच्या लघवीच्या रिपोर्टसाठी कुणी तळेगावचं नाव बदलणार नाही.

यावरचा उपाय तीस-बत्तीस वर्षांनी आला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपाल खात्याने पिनकोड सुरू केला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी होते, संस्कृतचे कवीही होते. सहा आकड्यांची त्यांची रचना मला आमच्या क्षेत्रातल्या कुठल्याही कोडपेक्षा सुबक वाटते. पहिला आकडा विभागाचा: ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा: आपल्याकडे ४४२, त्यात वर्ध्याबरोबर चंद्रपूर-गडचिरोलीही येतात. शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. वर्धा ४४२००१, सेवाग्राम ४४२१०२, आर्वी ४४२२०१, हिंगणघाट ४४२३०१. गंमत बघा, आपल्या कारंजा (घाडगे) चा पिन ४४२२०३ आणि शेगावचा ४४४२०३. एक आकडा चुकला की पत्र पुन्हा शेगावच्या वाटेला!

नावांचा गोंधळ आपल्याकडे भरपूर आहे. कारंजा घाडगे आपलं, कारंजा लाड वाशीमचं. आष्टी आपली, बीडचीही, गडचिरोलीतही एक. सेलू आपलं आणि परभणीतलंही. सिंदी रेल्वे वेगळी, सिंदी मेघे वेगळी. गावात गेलं तर एकाच आडनावाची वीस घरं आणि त्यात चार शांताबाई. म्हणून ताई विचारतात तेव्हा 'मु. पो.' एका दमात सांगू नका. मुक्काम म्हणजे तुम्ही राहता ते गाव. पोस्ट म्हणजे ज्या गावात टपाल कार्यालय आहे ते. छोट्या खेड्यांत ही दोन गावं वेगळी असतात आणि पिन पोस्टाच्या गावाचा लागतो, मुक्कामाचा नाही. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी फाईलींवर तालुक्याच्या गावाचाच पिन लिहिलेला सापडतो.

आता लेबलकडे येतो. दर महिन्याच्या शेवटी आमच्याकडे एक यादी निघते: बीपी-शुगरच्या तपासणीला न आलेले, रिपोर्ट न्यायला न आलेले, सिकलसेलच्या मुलांपैकी ज्यांची रक्ततपासणी राहिली आहे ते. साठेक नावं असतात. पूर्वी कंपाउंडर हाताने पत्ते लिहीत, आणि डॉक्टरांच्या अक्षराचे विनोद तुम्ही करता ते कंपाउंडरच्या अक्षरालाही लागू होते. आता ही यादी वर्डमध्ये 'मेल मर्ज' करून छापतो. तुमच्यापैकी कुणी बचत गटाचं, शाळेचं, मंडळाचं काम करत असाल तर तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पत्ता एकाच रकान्यात सलग टाईप करू नका. एक्सेलमध्ये नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन असे वेगळे रकाने करा. वेगळे केले की यादी पिनप्रमाणे लावता येते, म्हणजे आर्वीची पाकिटं एकत्र, हिंगणघाटची एकत्र. शिवाय कुठला रकाना रिकामा राहिला ते लगेच दिसतं. वर्डमध्ये 'मेलिंग्ज'मध्ये जाऊन लेबल्स निवडायचे, कागदाचं माप द्यायचं, ती यादी जोडायची. पहिल्या लेबलमध्ये रकाने ओळीने बसवायचे आणि मग 'अपडेट लेबल्स' दाबायचं. हे बटण विसरू नका. ते दाबल्यावर बाकीच्या प्रत्येक लेबलमध्ये 'पुढची नोंद घे' अशी खूण आणि पहिल्या लेबलची मांडणी उतरते. त्या खुणेशिवाय तेच नाव सगळ्या लेबलांवर येतं. माझ्या ओळखीच्या एका दवाखान्यात घाईत ती खूण न टाकता मांडणी हाताने चिकटवली गेली आणि एकाच गृहस्थांना बीपी तपासायला बोलावणारी चोवीस पत्रं गेली. त्यांचं बीपी तेव्हा नक्की वाढलं असणार.

मराठीत छापताना आणखी एक अडचण येते, आणि ती इंग्रजी शिकवणीत कुणी सांगत नाही. जागा पुरावी म्हणून ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' करून कमी आकड्यावर ठेवलं, तर वरची वेलांटी, अनुस्वार किंवा खालचा उकार कापला जातो. सेलूचं 'सेल' होतं, पुलगावचं 'पलगाव', हिंगणघाटचं 'हिगणघाट'. अंतर 'सिंगल' ठेवा, हवं तर अक्षर एक आकड्याने लहान करा. आणि अक्षराचा आकार बदलूनही बदलत नसेल तर फॉन्टची खिडकी उघडून 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा वेगळा रकाना बघा. देवनागरीचा आकार तिथे ठरतो. जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीतल्या याद्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तुमच्या गावाचं नाव म्हणजे इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते.

पत्रांसाठी मी ए-फोर कागदावर सोळा लेबलं येतात तो कागद वापरतो, गोळ्यांच्या पुड्यांसाठी चोवीसचा. आधी साध्या कागदावर छापून, लेबलच्या कागदाखाली धरून उजेडात बघतो. ओळी सरकलेल्या दिसल्या तर बहुतेक वेळा प्रिंटरच्या 'फिट टू पेज'ची खूण कारणीभूत असते. ती काढून शंभर टक्के ठेवली की जागेवर येतं. पुड्यांवरच्या लेबलवर तुमचं नाव, औषध, सूर्य आणि चंद्र असतात. सूर्य म्हणजे सकाळी, चंद्र म्हणजे रात्री. ज्या आजींना वाचता येत नाही त्या आता नातवाला न विचारता गोळी घेतात.

हीच लेबलं आमच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळीवरही लागतात, आणि तिथे नियम फार कडक आहे. नळीवर कमीत कमी दोन ओळखी हव्यात, म्हणजे नाव आणि नोंदणी क्रमांक किंवा जन्मतारीख. पलंगाचा नंबर ओळख धरायची नाही, कारण पलंग बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेसाठी जे उपाय सांगितले त्यात हा आहे. आणि लेबल रक्त काढल्यावर, तुमच्या समोरच लावायचं. आधीच लेबल लावलेल्या नळ्यांचा ट्रे घेऊन फिरायचं नाही. शेजारच्या दोन पलंगांवर दोन शांताबाई असतील आणि नळ्यांची अदलाबदल झाली, तर रक्तगट चुकू शकतो. चुकीच्या गटाचं रक्त चढलं तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणून नर्स तुम्हाला तिसऱ्यांदा नाव विचारते तेव्हा 'मघाशी तर सांगितलं' म्हणू नका. आणि 'तुम्ही शांताबाईच ना?' असं तिने विचारलं, तर नुसतं हो म्हणण्यापेक्षा पूर्ण नाव सांगा.

लेबलवर काय नसावं, हेही तितकंच महत्त्वाचं. विदर्भात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. एका तपासणी शिबिरानंतर आयोजकांनी गावात कार्डं वाटली. शिबिराचं नाव मी घेत नाही. यादीतले सगळेच रकाने लेबलवर ओढले गेले, त्यात तपासणीच्या निकालाचाही. नावापुढे 'एएस' किंवा 'एसएस' छापून आलं. गावात आशाताईंना, मास्तरांना त्याचा अर्थ ठाऊक, आणि दोन दिवसांत सगळ्यांना झाला. एका मुलीच्या लग्नाची बोलणी थांबली. तिच्या नावापुढे 'एएस' होतं, म्हणजे ती फक्त वाहक होती, आजारी नव्हती. वाहकाचं आरोग्य एरवी इतरांसारखंच असतं. काळजी एवढीच, की जोडीदाराचीही तपासणी व्हावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के, आणि दोन्ही नसण्याची २५ टक्के असते. जोडीदार वाहक नसेल आणि त्याला आजारही नसेल, तर बाळाला सिकलसेलचा आजार होत नाही. हे समजावायला मी त्या घरी दोनदा गेलो. लेबलवरची दोन अक्षरं पुसायला किती बोलावं लागतं!

वर्ध्यात राहून हे विसरणं मला तरी जमत नाही. इथल्या दत्तपूरला १९३६ साली मनोहर दिवाणांनी कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं, ते गावाने बाहेर काढलेल्या माणसांसाठी. १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचे कार्यकर्ते घरोघर जाऊन तपासणी, शिक्षण आणि उपचार करत. आजाराचं नाव कुणासमोर उच्चारायचं आणि कुणासमोर नाही, हे त्या कामात जपावंच लागे. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदाच आहे, संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. पण कायदा नसलेल्या आजारांनाही हाच न्याय लावावा असं माझं मत आहे. म्हणून आमच्या पाकिटावर विभागाचं नाव नसतं, आजाराचं तर नाहीच. पोस्टकार्ड ५० पैशांत जातं, पाकिटाला ५ रुपये पडतात, तरी पाकीटच. पारदर्शक खिडकीची पाकिटं मी वापरत नाही, कारण आतला कागद सरकला की पत्त्याखालची ओळही खिडकीत येते.

परत आलेली पाकिटं आम्ही फेकत नाही. त्यांवर पोस्टमनने दोन शब्द लिहिलेले असतात. 'पत्ता अपूर्ण' असेल तर फाईल काढून नातेवाइकांना विचारतो. 'गाव सोडून गेले' असेल तर बहुतेक कुटुंब कामासाठी बाहेर गेलेलं असतं. आशाताईंकडून नवा ठिकाणा मिळाला तर तिथल्या दवाखान्याला कळवतो. क्षयाच्या पेशंटच्या बाबतीत तर लगेचच, कारण औषध मध्येच तुटलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. आणि कधी कधी 'मयत' लिहिलेलं असतं. ते नाव ताई त्याच दिवशी यादीतून काढतात. ज्या घरातला माणूस गेला, त्या घरी पुढच्या महिन्यात 'आपण बीपी तपासायला आला नाहीत' असं छापील पत्र जाऊ नये.

तर पुढच्या वेळी याल तेव्हा एवढं करा. मुक्काम, पोस्ट आणि पिन एका चिठ्ठीवर लिहून आणा. तपासणीचा नमुना दिलात की निघण्याआधी विचारा: रिपोर्ट किती दिवसांनी, कुणाकडून, कसा मिळेल? ती तारीख उलटली की तुम्हीच फोन करा, आमच्या पत्राची वाट बघू नका. हंगामात बाहेरगावी जाणार असाल तर तिथला पत्ता किंवा घरी राहणाऱ्या कुणाचा तरी नंबर देऊन ठेवा. पत्र घरी नको असेल, कुणी उघडेल अशी भीती असेल, तर तेही ताईंच्या कानात सांगा. फाईलवर तशी खूण करतो आणि पत्र पाठवत नाही, रिपोर्ट हातातच देतो. पिन माहीत नसेल तर आधार कार्डावर असतो. फक्त लेकी-सुनांनो, तुमच्या आधारावर अजून माहेरचा पत्ता असेल तर तो तसाच उतरवून देऊ नका, आता राहता तिथला सांगा.